मातीची थम

परदेशात वाढलेली आमची माणसं आईबाप शोधायला व्हिएतनामला येतात, तेव्हा त्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. रडारड ठरलेलीच, म्हणून मी खिशात दोन रुमाल ठेवतो. नॉर्वेहून आलेल्या मारितच्या वेळी एकही लागला नाही.

आमच्या ली सन बेटावरच्या न्यान आजींची ही मुलगी. युद्ध संपता संपता दा नांगच्या धक्क्यावर गर्दीत हात सुटला आणि चार वर्षांची थम अनाथाश्रमातून थेट परदेशी गेली. इकडे आजींना कुणीतरी सांगितलं, पोरगी बोटीसकट बुडाली. आता डीएनए जुळला होता, कानामागचा भाजल्याचा डागही जुळला होता. मारितला एकच हवं होतं: आईने एकदा तरी आपल्याला थम म्हणून हाक मारावी.

आजी तिला 'पाहुणी' म्हणत होत्या.

जेवताना त्यांनी एक वाडगा जास्तीचा मांडला. भात, तळलेला मासा, शेतातला कोवळा लसूण. मारितने त्याकडे हात नेला तशी आजींनी तो अलगद बाजूला सरकवला. "तो तिचा आहे."

"आजी, तुमची पोरगी जिती-जागती समोर बसलीय," मी म्हटलं. "आता मेलेल्याचं पान कशाला?"

"ही जिती आहे, तर मग इतकी वर्षं जेवायला कोण येतंय, खिएम?"

मी हसून घेतलं. मारितने विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, मासा गार होतोय.

समुद्रात गेलेल्याचं प्रेत मिळत नाही, म्हणून आमच्याकडे मातीचं माणूस करतात, आत तुतीच्या काड्यांची हाडं घालतात आणि ते पुरतात. थमची माती आजींनी स्वतः मळली होती, चार वर्षांच्या पोरीएवढी. माणूस परत आलं तर ती उकरून समुद्राला द्यायची. मारितने त्याचा हट्टच धरला. आजी नको म्हणाल्या नाहीत. "तिला उन्हाचा त्रास होईल," एवढंच म्हणाल्या आणि छत्री घेऊन निघाल्या.

भर दुपारी लसणाच्या शेताकडेला मी कुदळ चालवली. थडगं तोकडं होतं, पण आतल्या आकृतीचे पाय काही सापडेनात. मी कडेची वाळू काढत गेलो.

माती ओलसर होती. पुरती वाढलेली मातीची बाई, जागा अपुरी पडल्यामुळे गुडघे पोटाशी घेऊन निजलेली.

तिच्या गळ्याला सुरकुत्या होत्या.

मारितचा हात आपल्या गळ्याकडे गेला. मला भीती वाटली, सरळ सांगतो. कुदळ टाकून मी वर आलो.

आजी काठाशी बसल्या. छत्री त्यांनी खड्ड्यावर धरली.

"थम," त्यांनी हाक मारली. "ऊठ, बाळ. जेवायला चल."

मारितला आमची भाषा येत नाही, पण तेवढं नाव तिने घोकलं होतं. तिचा चेहरा उजळला. ती पुढे झाली.

"आले, आई."

हेल आमच्याच बेटाचा होता. मारितचे ओठ मिटलेले होते.

आजींनी समाधानाने माझ्याकडे पाहिलं. "पाहुणीला आजच्याच बोटीत बसवून दे."

"काय म्हणाली?" मारितने विचारलं. ती अजून हसत होती. आजींनी खड्ड्यात हात दिला होता, आणि कुणी तो धरून उठत असावं तसा तो ताठ झाला होता.