खिंडीवर जायचं तर एक इंच खाली

आईला खिंडीवरून खाली आणायचं होतं, आणि तेही बर्फ पडायच्या आत!

खिंडीच्या माथ्यावर प्रवाशांसाठी एक दगडी निवारा आहे आणि आई त्याची राखणदार. अडकलेल्यांना ऊब द्यायची, वाट दाखवायची, ऐकलं नाही तर झापायचं, हे तिचं काम. त्या सकाळी वायरलेस रेडिओवर तिचा आवाज आला, "मला काही झालेलं नाही. छपरावरून जरा घसरले, एवढंच. उगाच धावत येऊ नका." मग खरखर झाली आणि निवाऱ्यात थांबलेल्या मेंढपाळानं रेडिओ तिच्या हातातून काढून घेतला. "यांचं काही ऐकू नका. पाय हलवता येत नाहीये. आणि आभाळ भरून आलंय. उद्या वाट बंद होईल."

खिंडीवर ढग इतके खाली उतरले होते की हेलिकॉप्टर उडणार नव्हतं. मी हाडांच्या दवाखान्यात परिचारिका आहे. आईच्या वयात खुबा मोडणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. मी स्ट्रेचर आणि औषधं घेतली. दादानं पिकअप काढली, वहिनीनं हत्यारांची पेटी टाकली आणि आम्ही निघालो!

आता त्या पिकअपविषयी सांगायलाच हवं, कारण महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. दादा जमिनी मोजतो, आडरानात फिरतो, म्हणून त्यानं गाडी चार इंच उचलून घेतली होती. वहिनीचं स्वतःचं गॅरेज आहे, काम तिनंच केलं. पण शेवटचा भाग दादानं करू दिला नाही. गाडी उचलली की पुढचा डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा लोखंडी गोळा, तोही वर जातो. चाकं मात्र जमिनीवरच. मग गोळ्याला आणि चाकांना जोडणारे अ‍ॅक्सल तिरके होतात आणि त्यांच्या सांध्यांवर ताण येतो. उपाय म्हणजे ड्रॉप किट : डिफरन्शियलच्या वर जाड स्पेसर, म्हणजे लोखंडी चकत्या घालायच्या, लांब बोल्ट लावायचे आणि त्याला इंचभर खाली घ्यायचं.

"चार इंच वर नेलेलं पुन्हा खाली आणायचं?" दादा म्हणाला होता. "मग उचलली कशाला? शोभेला?"

वहिनी गप्प बसली होती. ती गप्प बसते तेव्हा तिनं काहीतरी ठरवलेलं असतं, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही दादाच्या ध्यानात आलेलं नाही.

जंगलापर्यंतची वाट मजेत गेली. उंच झाडांमधून ऊन तुकड्या-तुकड्यांनी खाली येत होतं, ओल्या मातीचा वास येत होता आणि एरवी चाकं रुतायची तिथून गाडी डौलात निघत होती. दादा दर खड्ड्यानंतर आरशातून आमच्याकडे बघायचा. आम्ही दाद दिली. द्यायलाच हवी होती! मग नदीचं पात्र लागलं आणि नुसते गोटेच गोटे सुरू झाले. दादानं फोर-व्हीलचा गिअर टाकला, स्टिअरिंग पूर्ण वळवलं, आणि खालून आवाज आला.

टक्. टक्. टक्-टक्-टक्!

"थांबवा!" वहिनी ओरडली.

ती गाडीखाली गेली आणि काळ्या ग्रीसनं माखलेला हात घेऊन बाहेर आली. उजव्या अ‍ॅक्सलच्या सांध्यावरचा रबरी बूट, म्हणजे ग्रीस आत धरून ठेवणारं आवरण, फाटला होता. "सांधा अजून शाबूत आहे. पण याच कोनात खिंडीचा चढ चढलो, तर अर्ध्यात तुटेल. मग गाडी ना वर, ना खाली."

दादाचा चेहरा पडला. वर आई, इथे आम्ही, आणि मधे एवढा मोठा डोंगर! बहीण म्हणून टोमणा मारायची नामी संधी होती, पण त्याच्याकडे बघून मी ती सोडून दिली.

"आता काय करायचं गं?" त्यानं हळूच विचारलं.

वहिनीनं मागच्या सीटखालून एक खोकं ओढलं. ड्रॉप किट! "म्हटलं, असू द्यावं बरोबर," ती म्हणाली. "चला, चाकांना दगड लावा."

आम्ही कामाला भिडलो. गाडी उंच होती म्हणून वहिनीला खाली सरळ शिरता आलं. ते श्रेय दादाचं. फाटका बूट तिनं ग्रीस भरून ट्यूबच्या पट्टीनं आणि तारेनं घट्ट आवळला. खालचा संरक्षक पत्रा उतरवला. एकुलता एक जॅक फळीवर ठेवून डिफरन्शियलला टेकवला आणि जुने बोल्ट सोडले. गोळा हळूहळू खाली आला. एक स्पेसर बसला. दुसरा बसला. तिसऱ्यासाठी तिनं बोटं आत घातली, आणि जॅकखालचे गोटे सरकले!

फळी कलली. जॅक तिरका झाला. गोळा वहिनीच्या हातावर यायला लागला!

"हात काढ!" मी किंचाळले.

"अडकलाय!"

दादा पाठीवर आडवा होत गाडीखाली घुसला. दोन्ही पाय त्यानं गोळ्याला लावले आणि जिवाच्या आकांतानं रेटले. मी गोळ्याखाली पहार खुपसली आणि पहारीवर अंग टाकलं. क्षणभर काहीच हललं नाही. मग गोळा तसूभर उचलला गेला आणि वहिनीचा हात सुटला. बोटं सोलवटली होती, पण सगळी हलत होती. मी एकेक वाकवून पाहिलं.

"पाय तसेच ठेवा," वहिनी दादाला म्हणाली. "बोल्टचं भोक अगदी समोर आलंय." आणि त्याच रक्ताळलेल्या हातानं तिनं तिसरा स्पेसर सरकवून बोल्ट आत फिरवला. मला तिच्या पायाच पडावंसं वाटलं.

सगळे बोल्ट आवळून झाले, मग मी तिचा हात बांधला. संरक्षक पत्रा आता नीट बसेना, म्हणून तो मागे टाकला. गाडीचं पोट इंचभर खाली आणि उघडं! आता कसब दादाचं होतं. मी पुढे चालत दगड दाखवत होते आणि तो एकेक चाक नेमकं माझ्या हाताच्या दिशेला आणून ठेवत होता. शेवटचा चढ आला. इंजिन गुरगुरलं, चाकांनी माती उडवली. आम्ही तिघं कान टवकारून होतो. टक् नाही. काही नाही! गाडी माथ्यावर आली.

"सांगितलं होतं ना, येऊ नका म्हणून," आई खाटेवरून म्हणाली. ओठ पांढरे पडले होते. मी तिचा पाय बांधला. मेंढपाळानं आणि दादानं स्ट्रेचर उचललं, तेव्हा आईनं माझं मनगट घट्ट धरलं. "बरं झालं गं, आलात," ती पुटपुटली. आईच्या तोंडून असं मी पहिल्यांदा ऐकत होते. मेंढपाळाला किती दुवा द्यावा तेवढा थोडाच. तो चूल पेटती ठेवायला मागेच राहिला.

पिकअपच्या झाकलेल्या हौद्यात गाद्या रचून आईला झोपवलं, शेजारी मी बसले. उतरताना बर्फ सुरू झालं. एका धोंड्यावर गाडीचं पोट खरवडलं, आई कण्हली, आणि दादा पुढून ओरडला, "आई, लागलं का?" गाडीचं त्यानं नावही काढलं नाही. संध्याकाळच्या आत चाकांखाली डांबर आलं. मागे वळून पाहिलं तर खिंड दिसतच नव्हती.

दादानं गाडी थांबवली. आईला बघायला दोघं मागे आली. दादानं वहिनीचा बांधलेला हात हलकेच हातात घेतला. म्हणाला, "तुझे आभार मानायचे होते."

"आभार कसले मानतोस?" आई आतून खेकसली. "परकी आहे का ती?"

"मानू द्या हो, आई," वहिनी म्हणाली, आणि इतका वेळ कोरडे राहिलेले तिचे डोळे भरून आले. "मला ऐकायचंय."