लुंबिनीचा फोटो

आमच्या आष्टीतून थंडीत बस निघती: सारनाथ, बोधगया, कुशीनगर. म्हटलं तर सरहद्द ओलांडून नेपाळात लुंबिनीबी. पासपोर्ट लागत न्हाई, मतदान कार्डावर भागतं.

"एवढ्या लांब जायचं आन तथागताचा जन्म झाला ती जागाच सोडून यायचं?" माझी बायको बेबीनंदा रोज टुमणं लावायची.

"आधी तुझे गुडघे पाह्य," मी म्हणायचो. पण मनातून मीबी तयार झाल्तो; बसवाल्याकडं दोघांची नावंबी दिल्ती.

शेजारची दैवशाला नुकतीच त्याच बसनं जाऊन आल्ती. तिच्या ओसरीवर चहा पिता पिता तिनं मोबाईल पुढं केला.

"पुंजारामदादा, वैनीला घरी ठेवून गुपचूप जाऊन आलात व्हय?"

तिनं काढलेल्या फोटोत मागं, लुंबिनीच्या पुष्करिणीकाठी मी बसल्तो. एकटाच. अंगात निळं स्वेटर, त्याला डावी बाहीच न्हाई.

"असं अर्धवट कोण घालतं बाई!" दैवशाला खो खो हसली.

मी शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. भूतखेत, नवस, मुहूर्त आमच्या घरात चालत न्हाईत. एका तोंडावळ्याची माणसं असतात जगात. मंग मी फोटो मोठा केला. त्या उघड्या हाताचं एक बोट अर्धंच होतं. माझं कडबाकुट्टीत गेलं, तेच, तेवढंच. बाजूला चहाचे दोन कप होते. एक रिकामा, एक काठोकाठ भरलेला. आन डोळे रडून सुजल्ते.

बेबीनंदाशिवाय मी तिथं?

घरी येताच बसवाल्याला फोन लावला. "आमचं नेपाळ रद्द करा. बिलकुल न्हाई जायचं." फोन ठेवला तवा जरा हलकं वाटलं. तिथं गेलोच न्हाई तर फोटो खरा कसा व्हईल?

बेबीनंदानं सगळं ऐकलं. भांडली न्हाई. आत जाऊन एक पिशवी घेऊन आली.

"तुम्हाला आत्ताच दाखवायचं नव्हतं. तिकडं लई थंडी असती म्हणे."

तिनं माझ्या डोक्यातून स्वेटर घातलं. निळं.

उजवा हात बाहीत गेला. डावा उघडाच राह्यला.

"पुरं कर हे," मी म्हणालो. "आजच. आत्ता बस विणायला."

"अवो, आता कसली घाई? नेपाळ तर तुम्हीच रद्द केलं. व्हईल सावकाश."

तिनं स्वेटर काढून घेतलं, सुया लोकरीत खोचल्या आन पिशवी पेटीत ठेवली. झाकण लावलं आन छातीवर हात धरून तिथंच टेकली.

"काही न्हाई वो," ती म्हणाली. "जरा दम लागून राह्यला."