बाहेरून लावलेलं दार

भुजंगच्या घरून आमची हार्डडिस्क आणायची, एवढ्याच कामासाठी मी तीर्थपुरीला गेलो होतो.

जालन्यात मस्तगडला आमचं दोघांचं गेमचं दुकान होतं. पोरं डिस्का घासून वाट लावायची, म्हणून भुजंग प्रत्येक डिस्कची नक्कल काढून, ती दाबून छोटी फाइल करून हार्डडिस्कवर ठेवायचा. खेळ मग कॉम्प्युटरवर चालायचा. त्या खंडेनवमीला त्याच्या आईनं, झुंबरबाईंनी, मशीनसोबत आमच्या जोडीच्या खेळाची लाडकी डिस्कही पुजली आणि कुंकवाचा अंगठा नेमका चकाकत्या बाजूवर ओढला. पुसताना ओरखडे पडले. खेळ शेवटच्या दरवाजाशी येऊन अडकायला लागला. भुजंग हसला, आपल्याकडं आधीची नक्कल आहे म्हणाला. त्यानंतर हार्डडिस्क पिशवीत घालून, घरी जाऊन येतो म्हणून निघाला, तो मंठ्याच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला. तीर्थपुरीचा रस्ता तो नव्हेच, पण रडण्याच्या भरात हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

झुंबरबाईंनी त्याची पिशवी पुढ्यात ठेवली. हार्डडिस्कखाली मंठ्याच्या नव्या दुकानाची पाटी होती. मालक म्हणून एकट्या भुजंगचं नाव.

"हे दुकान तुमी दोगं मिळूनच टाकून राह्यल्ते ना, सर्जेराव?"

मी हो म्हणालो. त्या माउलीला दुसरं काय सांगणार? हार्डडिस्क उचलून जालन्याची गाडी धरली, ती मात्र रागातच. एका ताटात जेवलेल्या माणसानं मला वाऱ्यावर सोडलं होतं, तेही तोंडावर गोड बोलून.

दिवेलागणीला दुकानात शिरलो. कुलूप कॉम्प्युटरशेजारी ठेवलं, शटर आतून खाली ओढलं. हार्डडिस्क जोडली; तिच्यावरच्या सगळ्या फाइली पुसून टाकायच्या होत्या. पण आमचा जोडीचा खेळ दिसला आणि हात अडखळला. शेवटचं एकदा खेळू म्हटलं. खेळायचा रिमोट एकच जोडला, म्हणजे शिपाईही एकच यायला हवा होता.

पडद्यावर दोन शिपाई उतरले.

दुसरा आपोआप चालायला लागला. भिंतीला घासत, उगाच उड्या मारत... अगदी भुजंगसारखा. बंद गाळ्यात झेंडूचा वास भरला. शेवटच्या दरवाजाशी तो थांबला. आधी पोचेल त्यानं दुसऱ्यासाठी थांबायचं, हा आमचा नियमच होता. माझा राग विरघळला, डोळे भरून आले.

"भुज्या..." मी हळूच म्हणालो, "मला सांगितलं असतं, तर मी न्हाई म्हणलो असतो का?"

तो बाजूला सरला. मी आत शिरलो, आणि त्यानं बाहेरून दार ओढून घेतलं. त्या खेळात ते दार लावताच येत नाही. दारावर लाल अंगठा उमटला. नक्कल तर खंडेनवमीच्या आधीची होती...

मी वायर उपटली आणि शटरकडं धावलो. शटर उचलेना.

माझ्या हाका ऐकून शेजारच्या तातेरावांनी कुलूप तोडलं. "बाहीरून कोन लावून गेलं हो?" ते विचारत राहिले. मी त्यांच्या हातातलं कुलूप बघत होतो. ते आमचंच होतं, मी आत कॉम्प्युटरशेजारी ठेवलेलं. त्यावर कुंकवाचा अंगठा होता, अजून ओला.