नळीचं तोंड उघडं ठेवा

त्याचा पाय माझ्या नळीवर पडला आणि पलंगाखालच्या बाटलीतली खळखळ एकदम थांबली.

"पाय उचला," मी म्हटलं. "माझ्या श्वासावर उभे आहात."

तो असा दचकला, की हातातला डबा शेजारच्या पलंगावर त्याच्या मावशीच्या मांडीत जाऊन पडला. मावशी म्हणाली, याचं ध्यान कुठे आणि पाय कुठे… आणि मग दोघी पोट धरून बसलो. हसलं की दोघींचेही टाके ओढायचे.

माझ्या डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग कॅन्सरच्या गाठीसकट काढून तीन दिवस झाले होते. बरगड्यांमधून निघालेली नळी दोन कप्प्यांच्या पाण्याच्या बाटलीत, तिथून दुसरी नळी भिंतीतल्या सक्शनला. छातीत साठणारी हवा आणि पाणी ते ओढून घ्यायचं. नळी पुरेल तेवढंच माझं जग. मी गोदामात माल मोजणारी. त्या जगात मोजण्यासारखं सगळं मोजून झालं होतं. छताच्या पट्ट्या बासष्ट. दादाचे सल्ले रोजचे चौदा. आता त्यात हा.

त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. हात दहादा धुतलेले, तरी नखांत काळं ग्रीस. दुसऱ्या दिवशी तो मावशीपेक्षा माझ्या बाटलीकडेच जास्त बघत बसला. काय बघताय म्हटलं, तर म्हणे, आम्हीही ट्यूब पाण्यात बुडवूनच भोक शोधतो. सिस्टरला गंमत वाटली. तिने दाखवलं: या कप्प्यातली खळखळ सक्शनची, ती हवीच, बघायचं ते शेजारच्या कप्प्यात. खोकल्यावर तिथे बुडबुडे आले, की फुप्फुसातून अजून हवा गळतेय.

झालं. रोज पाचला तो यायचा, स्टूल ओढायचा आणि म्हणायचा, "खोका." इतक्या आर्जवाने मला आजवर कुणी खोकायला सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी अकरा बुडबुडे. मग सात. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला चार, मी म्हटलं पाच.

"बाटलीकडे बघत नव्हता तुम्ही."

"नव्हतो," तो म्हणाला. "…एक सुटला."

मावशीने कूस बदलली. झोपेचं सोंग तिला अजिबात जमत नाही.

दादाचंही सांगायला हवं. आईबाबांच्या मागे त्यानेच मला वाढवलं, आणि ते तो विसरू देत नाही. त्याने ठरवून टाकलं होतं… मी नोकरी सोडायची, माझी खोली सोडायची, त्याच्या घरी मागच्या बाजूला राहायचं. डॉक्टर मला विचारायचे दुखतंय का, उत्तर दादा द्यायचा. एका स्थळाशी बोलणी चालली होती, तिथेही त्याने परस्पर नकार कळवला. आता कसलं लग्न, असं तो वहिनीला फोनवर सांगत होता. माझ्या उशाशी उभा राहून.

ऑपरेशनच्या आठव्या दिवशी सक्शन काढलं. सिस्टरने भिंतीकडची नळी सोडवली, बाटलीचं ते तोंड उघडं ठेवलं आणि बजावलं, याला हात लावायचा नाही, गळणारी हवा इथूनच बाहेर पडते. मी बाटली हातात खाली धरून खिडकीपर्यंत चालत गेले. बावीस पावलं. राणीसारखी.

दादा आला तेव्हा सिस्टर जागेवर नव्हती. ते उघडं तोंड त्याला बघवेना. जंतू जातील म्हणत त्याने कुठलंसं रबरी बूच शोधून त्यात गच्च बसवलं. मी नको म्हटलं. माझं 'नको' त्याला ऐकू येत नाही, जुनी सवय. मग मला खोकायला लावलं. एकही बुडबुडा नाही.

"बघ," तो म्हणाला. "थांबलं की नाही?"

थोड्या वेळात छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं झालं. तेवढ्यात पाच वाजले. सायकलवाला दारातच थबकला, बाटलीकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि आधी घंटा दाबली. मग दादाला शांतपणे म्हणाला, भोकावर अंगठा दाबला की बुडबुडे थांबतात, भोक बुजत नाही. दादाने विचारलं, तुम्ही डॉक्टर का?

"नाही. पंक्चरवाला."

त्याचा हात बुचाकडे गेला… आणि थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं.

"काढू?"

आठ दिवसांत मला काही विचारून कुणी माझ्याच उत्तरासाठी थांबलं, ते हे पहिलं.

"मी काढते," म्हटलं, आणि ओढलं. फुस्स झालं. बाटलीत बुडबुड्यांची रांग उठली. मी मोजली नाही.

"दादा, या नळीचं तोंड बंद करायचं नाही." एक श्वास घेतला. "आणि माझंही."

धावत आलेल्या सिस्टरने दादाला जे सुनावलं, ते अख्ख्या वॉर्डने ऐकलं. तो स्टुलावर बसला. घाबरट आहे बिचारा. घाबरला की बूच लावतो.

आणखी तीन दिवसांनी खोकले तेव्हा एकही बुडबुडा नव्हता, आणि या वेळी बूचही नव्हतं. नळी निघाली. दादाला सांगितलं, मी माझ्या खोलीवर जाणार. तो गाडी घेऊन आला.

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, चोपन्न पायऱ्या. दादा गाडीपाशी थांबला, पिशवी पंक्चरवाल्याने घेतली. पहिल्याच वळणावर मला धाप लागली. त्याने हात पुढे केला नाही. नुसता एक पायरी खाली उभा राहिला. तेव्हाच सगळं सांगून टाकलं. दर तीन महिन्यांनी तपासणी, गाठ परतही येऊ शकते, आणि ही धाप तर राहणारच. मागाहून म्हणू नका, आधी सांगितलं नाही.

"माझ्याकडे येणारं एकही चाक नवं नसतं," तो म्हणाला.

चोपन्नाव्या पायरीवर मी कुलूप उघडलं. त्याने पिशवी उंबऱ्याशी ठेवली, घसा साफ केला. "उद्या पाचला येऊ? …बुडबुडे नाहीत आता. पायऱ्या मोजायला."

"मोजायचं माझं मी बघते," म्हटलं. "तू नुसता ये."