कडेचा शिक्का

"तुझ्या नणंदेला सांग," भाऊ जेवता जेवता बायकोला म्हणाला, "आज मी तिच्या पोस्टात येतोय. तपासणीला साहेब येणार आहे ना? त्याच्याच हातात अर्ज देतो. माझं तोंड त्या तिकिटावरून काढून टाका म्हणावं!"

नणंद, म्हणजे त्याची ताई, समोरच बसली होती. हातभर अंतरावर. तिने हातातला घास परत ताटात ठेवला...

चार महिने या घरात हे असंच चाललं होतं. मीठ हवं असलं तरी भाऊ बायकोमार्फत मागायचा. बिचारी भावजय! "दोघांचं टपाल वाहून वाहून पाय मोडले माझे," असं म्हणून हसायची, आणि मोरीवर जाऊन डोळे धुऊन यायची.

"ढब्बू, अरे, ऐक तरी..." ताई कशीबशी म्हणाली.

"ढब्बू आगीत मेला, सांग तिला."

आणि मग तो खोकला! पाठीचा कणा वाकवणारा, ओठ निळे करणारा! भावजय ऑक्सिजनच्या नळकांड्याची चावी फिरवायला धावली. ताईही अर्धी उठली आणि पुन्हा खाली बसली. भावाला हात लावण्याचाही हक्क तिला उरला नव्हता...

हाच ढब्बू सहा वर्षांचा असताना आईबाप गेले होते. ताईला चांगलं स्थळ आलं होतं. "भाऊ माझ्याबरोबर येईल," एवढं एकच ती बोलली, आणि पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. मग ती पोस्टाच्या खिडकीमागे बसली ती बावीस वर्षं. भाऊ वाढला, फौजेत गेला, जळत्या इंधनाच्या टाकीजवळून त्याने चार सोबत्यांना ओढून काढलं आणि स्वतःची फुप्फुसं भाजून घरी आला. त्याला पदक मिळालं. इलाज मिळेना! ज्यांनी त्याला आगीत धाडलं, त्यांच्याकडे भाषणांच्या मंडपाला पैसा होता, छातीच्या वॉर्डाला नव्हता. मग कुणीतरी शक्कल काढली, मदतीचं तिकीट! साध्याहून थोडं महाग, वरचे पैसे जखमी जवानांच्या वॉर्डाला. म्हणजे आधी देशाला फुप्फुसं देऊन टाकायची, आणि मग औषधासाठी देशाच्या पाकिटांवर चिकटून बसायचं! ज्याची लाज वाटायला हवी, त्याचाच त्यांनी समारंभ केला.

तिकिटावर खऱ्या जवानाचा चेहरा हवा होता. भाऊ तेव्हा महिनोन्महिने औषधांच्या गुंगीत होता. नातेवाइकाची संमती चालणार होती. ताईने फोटो दिला, सही केली. वॉर्ड तगला, भाऊ जगला... आणि गुंगी उतरल्यावर उशाशी पडलेल्या पाकिटावर त्याला स्वतःचं तोंड दिसलं!

"मला विचारलंस? लोक मला थुंकी लावून चिकटवतात आणि वरून तू शिक्का हाणतेस!"

तिच्याशी तो थेट बोलला ते शेवटचं.

आज पोस्टाकडे जाताना ती मनात हिशोब करत होती. मदतीच्या तिकिटाची विक्री अर्ध्यावर आली होती. का, ते कुणालाच कळत नव्हतं. तपासणीत कारण सापडलं नाही तर महिनाअखेर तिकीट बंद. तिकीट बंद म्हणजे वॉर्ड बंद. आणि आठवड्यातून दोनदा त्या वॉर्डातल्या मशीनवर भावाची छाती चालत होती. त्यात तो स्वतःच अर्ज घेऊन निघालेला!

"साधं की मदतीचं?" खिडकीवर प्रत्येकाला हे विचारायचा नियम होता. सकाळपासून विचारून तिच्या तोंडाला कोरड पडली.

"साधंच द्या."

"साधं."

बारा वाजता साहेब आले. किरकोळ अंगाचे, मऊ बोलणारे. त्यांनी टेबलावर एक पाकीट ठेवलं.

"या तिकिटावर शाईच्या तीन फिक्या कडा आहेत. म्हणजे हे तीनदा वापरलंय. लोक भिजवून काढतात, पुसतात, पुन्हा लावतात. मग नवं कोण घेणार? शिक्का तिकिटाच्या मधोमध बसायला हवा. जिल्ह्याचं टपाल इथूनच सुटतं, आणि इथल्या प्रत्येक अशा पाकिटावर तो कडेला घसरलाय. हात कुणाचा?"

ताईने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तिचाच! शिक्का उचलला की खालून ढब्बूचे डोळे बघायचे... आणि तिचं मनगट आपोआप वळायचं. शिक्का कागदावर बसायचा, तिकिटाला नुसता टेकायचा. ज्याला वाचवायला तिने ती सही केली, त्याचाच श्वास तिने असा रोज कडेकडेने कापला होता!

"बाई, सांधे दुखतात ना तुमचे?" पोस्टमास्तर घाईने म्हणाले. माणूस भला होता, पळवाट दाखवत होता. "सांगा की साहेबांना."

"सांधे ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "साहेब, तो माझा भाऊ आहे. मला त्याच्या तोंडावर मारता येत नाही. लहानपणी कधी मारलं नाही, आता कशी मारू? मला काय ती शिक्षा करा... पण तिकीट बंद करू नका हो! पाया पडते!"

"लेखी खुलासा द्यावा लागेल. खिडकीवरून हलवतीलही."

"हलवा. झाडू मारेन."

रांगेत कुणीतरी खोकलं. तो खोकला तिने हजारांत ओळखला असता! चाकांवर नळकांडं ओढत भावजय उभी होती, आणि तिच्या खांद्यावर भार टाकून... तो. हातात अर्जाचं पाकीट. त्याने सगळं ऐकलं होतं.

लोकांनी वाट दिली. तो खिडकीशी आला. मान खाली होती.

"एक तिकीट," तो म्हणाला. थेट तिला!

नियम तो नियम. "साधं की..." तिचा आवाज फुटला. "साधं की मदतीचं?"

"मदतीचं."

त्याने अर्ज बाहेर काढून फाडला. रिकाम्या पाकिटावर घरचा पत्ता लिहिला, तिकिटाला जीभ लावली, चिकटवलं आणि पाकीट आत सरकवलं.

"वॉर्डात माझ्या शेजारी सोळा जण आहेत, ताई. मार."

तिने शिक्का उचलला. मनगट वळलं. शिक्का कडेलाच पडला.

"पाढे चुकलो की उपाशी बसवायचीस, ते जमायचं. हे जमत नाही? मार म्हणतो ना!"

"तुला विचारायला हवं होतं रे... माझं चुकलं."

"चुकलंच. त्यावर घरी भांडू. तेवढा दम राहू दे माझ्यात. आता मार!"

तिने डोळे मिटले नाहीत. पाण्याने भरलेल्या डोळ्यांनी त्या चेहऱ्याकडे बघत बघत तिने शिक्का हाणला, असा की शाईची दौत डुचमळली. नाक, डोळे, कपाळ... सगळं काळं झालं.

त्याने पाकीट बाहेर ओढून उजेडात धरलं. नखाने खरवडून पाहिलं.

"आता नाही निघायचं," तो म्हणाला, आणि खिडकीच्या गजांतून हात घालून तिची शाईने माखलेली बोटं घट्ट धरली.

"म्हणजे माझी टपालाची नोकरी गेली!" भावजय म्हणाली, आणि या वेळी डोळे धुवायला ती कुठेही गेली नाही.

साहेब खुलाशाचा कागद पुढे करून थांबले होते. ताईने डाव्या हाताने तो ओढून घेतला. उजवा हात तिने सोडवला नाही.