लादिस्लाओच्या गिटारमधला सूर

हसायचं असेल तर खुशाल हसा. पण त्या संध्याकाळी हॉलमध्ये मी होते, माझा भाऊ होता आणि मिसाएल होता. आम्हा तिघांना वेगवेगळं बसवून विचारा. तिघंही हेच सांगतील.

फेब्रुवारीतला शनिवार. दिवस मावळायच्या जरा आधीची वेळ. आतित्लान तळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावरचं आमचं गाव.

मी केइला. चर्चमध्ये गाते. धाकटा भाऊ अबनेर गिटार वाजवतो. मिसाएल स्पीकर आणि माइक सांभाळतो.

चर्च म्हणजे सिमेंटच्या विटांचा लांबट हॉल, वर पत्रे. शेजारी आवाजाची तक्रार करायचे, म्हणून खिडक्यांना आतून जाड फोम ठोकलेला. आत-बाहेर करायला एकच लोखंडी दार, रुळावरून सरकणारं.

आमची इलेक्ट्रिक गिटार ती वाजवणाऱ्या पोराबरोबर अमेरिकेला गेली. राहिली ती साधी, लाकडी गिटार.

ती लादिस्लाओंची.

लादिस्लाओ तुय आमच्या चर्चचे जुने वादक. मी लहान असताना ऑक्टोबरच्या पावसात डोंगर घसरला आणि त्यांचं घर गाडलं गेलं. त्यांची बायको मार्सेला तेव्हा बाजारात होती. गिटार चर्चमध्ये होती. म्हणून दोघी वाचल्या.

लादिस्लाओ चिखलाखाली दिवसभर गात होते.

वर ऐकू यायचं. माणसं घराच्या जागेवर खणत राहिली...

संध्याकाळी गाणं थांबलं.

देह कधी मिळालाच नाही.

मार्सेलाला आता सगळं गाव नान म्हणतं, वडीलधारी म्हणून. गिटार तिनंच अबनेरला दिली होती.

तर त्या शनिवारी अबनेरने गिटारला डिस्टॉर्शनचं पेडल जोडलं. पायाखालचा एक छोटा डबा. दाबला की सूर फाटतो, घोगरा होतो. पोरांना उपासनेत तसा आवाज हवा होता.

तात फर्मिन, आमच्यातले सगळ्यात जुने, दारात उभे राहून ऐकत होते.

"अबनेर, हे देवाचं गाणं आहे की लाकडाची वखार?"

"तात, देवाला ऐकू जायला हवं ना."

"देव बहिरा नाही रे. मी होईन आता."

हसत हसत ते गेले. जाताना त्यांनी दार ओढून घेतलं.

लाकडी गिटारचं एक असतं. तार छेडली की सूर उमटतो आणि लगेच विरतो. डिस्टॉर्शन लावलं की विरत नाही, लांबतच जातो. पण गिटारचं पोट पोकळ. स्पीकरचा आवाज त्यात शिरतो आणि घुमून शिट्टीसारखा ओरडायला लागतो. तसं होऊ नये म्हणून अबनेरने गिटारच्या भोकावर रबराचं झाकण बसवलं. घट्ट.

"आता घुमणार नाही," मिसाएल म्हणाला. "वाजव."

अबनेरने पेडल दाबलं. एक सूर छेडला.

सूर लांबला... लांबतच गेला...

मग त्यात आणखी कुणीतरी मिसळलं.

"केइला, तू गुणगुणतेयस का?" अबनेरने विचारलं.

मी माइकपासून लांब उभी होते. तोंड मिटलेलं.

"पुरे आता, थांबव," मी म्हटलं.

त्याने तारांवर तळहात दाबून धरला. सूर थांबला नाही. त्याने पेडल बंद केलं, वायर उपटली.

थांबला नाही.

मिसाएलने मेन स्विच खाली पाडला. दिवे गेले. स्पीकरवरचा लाल ठिपका विझला. पत्र्याच्या फटीतून येणारा तेवढाच उजेड...

आणि सूर चालूच.

अबनेरने गिटार जमिनीवर ठेवली आणि हात झटकले, जणू काही चिकटलं होतं. तिला कुणीही शिवलेलं नव्हतं. तारा मात्र थरथरत होत्या.

मग आवाज आला.

टक... टक... टक...

गिटारच्या आतून. बोटांच्या पेरांनी लाकडावर ठोकल्यासारखा.

"दार उघडा!" मिसाएल धावला. त्याने दार ओढलं. मीही ओढलं. अबनेरने रुळाला पाय लावून जोर केला. रोज लहान पोरं एका हाताने सरकवतात ते दार. भिंतीसारखं उभं. ढकलल्यावर ते हललंही नाही, वाजलंही नाही. पलीकडे मोकळा रस्ता नसून काहीतरी जड, भरीव असावं तसं...

वास यायला लागला.

ओल्या मातीचा. महिनाभर पाऊस नव्हता, रस्त्यावर धूळ उडत होती, आणि आत ओल्या मातीचा वास.

मिसाएलने खिडकीवरचा फोम ओरबाडायला सुरुवात केली. थोडा फाटला. मागे काच होती, काचेमागे काळोख. बाहेर अजून ऊन होतं! पत्र्यातून दिसत होतं!

"आपल्याला हवा पुरणार नाही," तो म्हणाला.

"गप्प बस रे! एवढा मोठा हॉल आहे," मी ओरडले. पण माझाही श्वास जड झाला होता. छातीवर कुणी बसल्यासारखा.

तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"लादिस्लाओ!"

नान मार्सेला. दर शनिवारी ती आमच्यासाठी तामालितो घेऊन येते, मक्याच्या पानात बांधून उकडलेले पिठाचे उंडे, गरम.

"लादिस्लाओ! कुठून गातोयस रे? मला कळत नाहीये!"

ती दारावर थपडा मारत होती. आम्ही तिघं आतून जिवाच्या आकांताने ओरडलो.

"नान! आम्ही आहोत! केइला! अबनेर! दार ओढ!"

"लादिस, पुन्हा गा! थांबू नकोस! मी आले!"

तिला आमचा आवाज जातच नव्हता. आमच्यात आणि तिच्यात फक्त एक पत्रा होता, आणि तिला ऐकू येत होता तो एकटाच.

तेव्हा मला समजलं. चिखलाखालून लादिस्लाओंना वरची माणसं अशीच ऐकू आली असतील... अगदी जवळ. आणि ती भलतीकडेच जात असतील.

सूर बदलला. त्यात शब्द होते. घोगरे, फाटलेले.

"तिथं नाही..."

अबनेरने माझा दंड धरला. त्यानेही ऐकलं होतं.

"घरात नाही... मागं... न्हाणीत..."

टक. टक. टक.

"झाकण!" अबनेर एकदम म्हणाला. "झाकण काढतो!"

"हात लावू नकोस!"

तो गुडघ्यावर बसला. रबराच्या कडेखाली नखं घातली आणि ओढलं. निघेना. पुन्हा ओढलं. त्याचं बोट फाटलं, रक्त आलं.

झाकण निघालं.

गिटारच्या पोटातून श्वास बाहेर पडला. गरम, दमट. खूप वेळ कोंडून धरलेला. माझ्या चेहऱ्यावर आला तो.

सूर थांबला.

दार आपसूक सरकलं. उन्हाची तिरीप आत आली. नान दारात उभी होती, तामालितोची टोपली पायाशी उलटलेली, तळहात लालबुंद.

तिने आमच्याकडे पाहिलंच नाही. सरळ गिटारकडे गेली, वाकली आणि भोकाला कान लावला. बराच वेळ तशीच.

मग मला विचारलं, "मला नुसतं गाणं ऐकू आलं. तू आत होतीस. काही बोलला?"

मी सांगितलं. जसं ऐकलं तसं.

"न्हाणीत," ती स्वतःशीच म्हणाली.

घरामागची न्हाणी म्हणजे मातीची बुटकी खोली. आत दगड तापवून वाफ घ्यायची, रांगत जायचं. प्रत्येक घरामागे असते. तेव्हा कुणाला तिची आठवणच झाली नव्हती. सगळे घर खणत बसले होते.

पास्टर म्हणाले, तिथं खणू नका, तो उतार धोक्याचा आहे, पोरांनी घाबरून काहीबाही ऐकलं असेल. नान एवढंच म्हणाली, "मग मी एकटी जाते. कुदळ आहे माझ्याकडे."

तिला एकटीला कोण जाऊ देणार? दोन दिवसांनी, भल्या सकाळी, आम्ही दहा-बारा जण गेलो. तात फर्मिनसुद्धा.

दुपारपर्यंत न्हाणीचं छप्पर लागलं. शाबूत होतं. तोंडाशी माती दगडासारखी घट्ट बसलेली. अबनेरने ती फोडली.

आत एक कणही चिखल शिरलेला नव्हता. कोरडी, रिकामी खोली.

भिंतीवर एका जागी माती खोलगट झाली होती. मुठीएवढी. ठोकून ठोकून होते तशी...

पण माणूस नव्हता. हाड नाही, चप्पल नाही, कपड्याची चिंधी नाही. आणि आत-बाहेर करायला ते एकच तोंड, जे आम्ही आत्ताच फोडलं होतं.

तात फर्मिननी टोपी काढली.

नान मार्सेला पुढे आली. गुडघे टेकून तिने न्हाणीच्या तोंडातून आत डोकं घातलं.

"लादिस," तिने हळूच हाक मारली. "चल. उघडलंय."

उत्तर आलं नाही. मी देवाची शपथ घेऊन सांगते, काहीच आलं नाही.

पण नान उठली... आणि बाजूला सरकली. आतून कुणी येताना वाट द्यावी, तशी.

मग ती आपल्या आताच्या घराकडे निघाली. एरवी तुरुतुरु चालणारी बाई. त्या दिवशी पावलापावलाला थांबत होती. कोपर जरासं पुढे धरलेलं... कुणी त्याचा आधार घेऊन चालावं तसं.

आम्ही तिथेच उभे राहिलो. तिच्या मागे जायचं धाडस कुणालाच झालं नाही.