‘पी’च्या आठवड्यातला पासपोर्ट

“वर चला! आत्ताच्या आत्ता वर चला, आणि चपला शोधत बसू नका!”

वरच्या मजल्यावर वर्ग घेणाऱ्या बाई दारातूनच ओरडल्या. एरवी ह्या बाई एवढ्या शिस्तीच्या, की जिन्यात कुणी मोठ्यानं खोकलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. आज त्यांचा अंबाडा सुटला होता आणि हातात काळ्या कापडाची पट्टी लोंबत होती.

खासगी तपास करणारे गृहस्थ टेबलावर बिघडलेला पंखा उघडून बसले होते. सगळी गल्ली त्यांना टिपकागद म्हणायची, कारण त्यांच्या कानावर पडलेलं काही वाया जात नसे. शेजारी त्यांचा मेव्हणा पेपर वाचत होता. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून तो तपासात मदत करायचा. म्हणजे पहिल्या फटक्यात चुकीचा माणूस पकडून द्यायचा.

“काय गेलं?” टिपकागदांनी विचारलं.

“पासपोर्ट! माझ्या वर्गात, माझ्या डोळ्यांदेखत... डोळ्यांदेखत तरी कसं म्हणू? डोळे तर बांधलेले होते!”

जिना चढता चढता बाईंनी सगळं सांगितलं. त्यांचा वर्ग मोठ्या माणसांचा. दर आठवड्याला इंग्रजीचं एक अक्षर घ्यायचं आणि त्या अक्षरापासून सुरू होणारी फक्त नामं शिकायची.

“आधी वस्तूंची नावं येऊ देत. क्रियापदं कुठे पळून जातात?” असं बाईंचं मत.

या आठवड्यात ‘पी’ होता. ज्यानं त्यानं घरून ‘पी’ची एकेक वस्तू आणायची आणि कुणाला न दाखवता दाराशी ठेवलेल्या टोपलीत टाकायची. मग सगळ्यांनी डोळ्यांवर पट्ट्या बांधून ओळीत बसायचं. बाईसुद्धा पट्टी बांधत, कारण कोण काय आणणार हे त्यांनाही ठाऊक नसे. एकेक वस्तू बाई पुढच्याच्या हातात देत, तो ती चाचपून त्याच्या पुढच्याला. शेवटचा माणूस ती पंच्यानं झाकलेल्या दुसऱ्या टोपलीत टाकणार. तोवर अवाक्षर काढायचं नाही. मग पट्ट्या सोडायच्या, आणि टोपलीवरचा पंचा उचलण्याआधी प्रत्येकानं बसल्या क्रमानं आठवतील ती नावं म्हणायची.

“हाताला कळलं की डोक्यात चिकटतं,” बाई धापा टाकत म्हणाल्या. “नर्सनं पासपोर्ट आणला होता. कौतुकानं हो! आज संध्याकाळचं विमान आहे तिचं. उद्या तिकडच्या दवाखान्यात हजर झाली नाही तर जागा दुसरीला जाणार. माझ्या वर्गात येऊन पोरीचं वाटोळं झालं तर मी तोंड कुठे लपवू?”

खोलीत शिरल्याबरोबर मेव्हण्यानं नाक फेंदारलं. पंखा गरगरत होता तरी उकाड्यानं जीव नकोसा होत होता. आणि अशा उकाड्यात एक बाई जाडजूड कोट अंगावर घेऊन खिडकी ते दार येरझारा घालत होती. दाराशी तिची भलीमोठी बॅग बांधून तयार होती.

“ह्या नर्स,” बाई म्हणाल्या. “आणि ही त्यांची नणंद.”

नणंद कोपऱ्यातल्या खुर्चीत अंग चोरून बसली होती. बाकी तिघे उभेच होते. शिंपी बोटं मोडत होता, आचारी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता, आणि ड्रायव्हर रागानं लालबुंद झाला होता.

“इतक्या उकाड्यात कोट?” मेव्हण्यानं विचारलं.

“थंडी वाजतेय मला,” नर्स म्हणाली. तिचे दात खरंच वाजत होते. “पासपोर्ट नाही म्हटल्यावर अंगाला कापरं भरलं. वन्संनी घातला हा अंगावर. बॅगेत मावत नव्हता, म्हणून तीच मांडीवर घेऊन बसली होती. अहो, माझं सोडा, आधी शोधा ना! तीन तासांत विमानतळावर पोचायचंय मला!”

नणंदेला ती थट्टेनं वन्सं म्हणायची. दोघी जवळपास एका वयाच्या. नर्सचा नवरा वारल्यापासून दोघीच एका घरात राहत होत्या.

“झडती घेतली?” टिपकागदांनी विचारलं.

“घेतली तर! बायकांची मी, पुरुषांची आचाऱ्यानं, आणि आचाऱ्याची शिंप्यानं. खिसे, पिशव्या, कनवटी, सगळं बघितलं. दाराला मीच कडी घातली होती. टोपल्या उलट्या केल्या. कुठ्ठे नाही.”

“नर्सबाईंची झडती?”

“अहो, त्यांचीच वस्तू गेलीय!” बाई चिडल्या. “त्यांची कशाला घेऊ?”

मेव्हण्यानं टिपकागदांच्या कोपराला कोपर लावलं. “दाजी, ओळीत शेवटी कोण होतं? ड्रायव्हर. पासपोर्ट त्याच्यापर्यंत आला, टोपलीत पडलाच नाही. मिटलं!”

“मिटलं काय मिटलं!” ड्रायव्हर उसळला. “मी पासपोर्ट घेऊन काय करू? लोणचं घालू? आला, चाचपला, टोपलीत टाकला. बस्स!”

“आला होता नक्की?”

“आला म्हणजे आला! शंभरदा काय विचारता?”

टिपकागदांनी एक खुर्ची ओढली. “बसा बघू सगळे. होता त्याच क्रमानं.”

ओळ अशी लागली: बाई, मग शिंपी, नर्स, आचारी, नणंद, आणि शेवटी ड्रायव्हर.

“कोणी काय आणलं होतं?”

शिंप्यानं टाचण्या टोचायची गादी आणली होती, इंग्रजीत पिनकुशन. आचाऱ्यानं पेअर हे फळ, नणंदेनं छोटी पर्स, ड्रायव्हरनं पक्कड, म्हणजे प्लायर्स.

“आणि बाहेर कुठल्या क्रमानं निघाल्या?”

बाईंना पाठच होतं. “पक्कड, पर्स, पासपोर्ट, त्याच्या पाठोपाठ पेअर, आणि शेवटी पिनकुशन.”

टिपकागद शिंप्याकडे वळले. “पासपोर्ट हाताला कसा लागला?”

“लागला कसा? मऊ!” शिंपी खुलला. “लोकरीचं कव्हर होतं ना त्याला. उलट-सुलट विणीचं. धंदाच आहे आमचा, हाताला लगेच कळतं. हा कोटसुद्धा मीच शिवलाय, बरं का. ताईंनी वहिनींना न सांगता मागवला, निघताना द्यायला. प्रवासात माणसाला काय काय लागतं, ते सगळं आत...”

“आता कोटाचं काय पुराण लावलंय!” नणंद तटकन म्हणाली. “इथे माणसाचा जीव टांगणीला लागलाय!”

शिंपी ओशाळून पुन्हा बोटं मोडू लागला.

आचाऱ्याची उभं राहून बोलायची सवय सुटत नव्हती. “मला तर पहिल्यांदा सशाचं पिल्लूच वाटलं,” तो म्हणाला. “मग आत कडक लागलं, तेव्हा कळलं. दिला पुढे ताईंना. मला सोडा हो लवकर, चुलीवर आधण ठेवून आलोय, खाली माझा मदतनीस म्हणजे आनंदीआनंद आहे.”

“आणि तुम्ही, ताई?”

“कव्हर मीच विणलंय,” नणंद म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक होता. “हातात आल्याबरोबर ओळखलं. पुढे ड्रायव्हरदादांना दिला.”

“तुम्हीही कुठे परदेशी चाललात?”

“मी? छे हो! वहिनीला शिकायचं होतं, तिला सोबत म्हणून मी यायला लागले. मी कुठे जाणार?”

“पण वर्गात पहिली हीच,” बाई मध्येच म्हणाल्या. “हाताला वस्तू लागली की नाव चुकत नाही. आजच काय झालं कोण जाणे, पेअरला पोटॅटो म्हणाली. पंचा उचलला तर पेअर! आचारी हसून हसून बेजार. आणि तेवढ्यात नर्स किंचाळली.”

“ड्रायव्हरसाहेब, तुम्ही पेअरला काय म्हणालात?”

“पोटॅटो,” ड्रायव्हर गुरगुरला. “बटाटाच वाटला हाताला.”

“आणि पासपोर्ट कसा होता हाताला?”

“कसा असणार? पासपोर्टासारखा! गुळगुळीत, कडक पुठ्ठा, वर सोनेरी छाप.”

मेव्हणा ताडकन उठला. “पकडला! दाजी, लोकरीच्या कव्हराचा ह्याला पत्ताच नाही! खोटं बोलतोय हा!”

“बोलतोयच,” टिपकागद शांतपणे म्हणाले.

खोलीत एकदम गलका झाला. नर्स ड्रायव्हरसमोर जाऊन उभी राहिली. “दादा, पाया पडते तुमच्या. पोलिसांत देणार नाही मी. फक्त माझा पासपोर्ट द्या!”

ड्रायव्हरच्या तोंडचं पाणी पळालं. एवढा धिप्पाड गडी, पण त्याचे डोळे भरून आले. त्यानं नकारार्थी मान हलवली. त्याचे डोळे भरून आले.

“नर्सबाई, बसा,” टिपकागद म्हणाले. “ह्यांनी चोरी केलेली नाही. आणि त्याचा पुरावा म्हणजे हे खोटं बोलतायत हाच.”

“म्हणजे?” मेव्हण्यानं विचारलं. तो अजून बोट रोखूनच उभा होता.

“मेव्हणेबुवा, समजा तुम्ही ओळीत शेवटी आहात आणि पासपोर्ट तुम्ही लांबवलाय. विचारल्यावर काय सांगाल?”

मेव्हण्यानं डोकं खाजवलं. “सांगेन, माझ्यापर्यंत आलाच नाही.”

“कुणीही हेच सांगेल. सगळ्यात सोपं उत्तर. पण हा गृहस्थ शंभरदा सांगतोय, आला होता, आला होता. आपल्याच गळ्यात फास अडकवतोय. आणि पट्टी बांधलेली असताना ह्याच्या बोटांना सोनेरी रंग दिसला! तो कुठला पासपोर्ट आहे? ह्यानं कुठेतरी पाहिलेला. हातात आलेला नव्हेच.”

“मग आला म्हणून का सांगतोय?”

“कारण नावं म्हणताना ह्याचा नंबर शेवटी. आधीच्या चौघांनी म्हटलेलं ऐकायचं आणि तेच ठोकून द्यायचं. वर्गात पहिल्या म्हणून ह्यांनी ताईंचं धरलं; त्या पोटॅटो म्हणाल्या, हेही पोटॅटो म्हणाले. पेअरला वर निमुळती मान असते, देठ असतो. दोघांच्या हातांनी स्वतंत्रपणे तीच चूक करायची, हे मला पटत नाही. बरोबर ना, ड्रायव्हरसाहेब?”

ड्रायव्हर मान खाली घालून बसला होता. “माझ्या डोक्यात राहतच नाही हो,” तो कसाबसा म्हणाला. “पक्कड सोडली तर एकही नाव येत नव्हतं मला. सगळ्यांनी पासपोर्ट म्हटलं, मीही म्हटलं. मग चोरीचा बोभाटा झाला. आता कुठल्या तोंडानं सांगू, मी नक्कल करतो म्हणून? बाई एवढ्या जीव तोडून शिकवतात!”

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. “अरे, मला सांगायचं ना वेड्या.”

“तर पासपोर्ट ह्यांच्यापर्यंत पोचला नाही,” टिपकागद पुढे म्हणाले. “पण आचाऱ्यापर्यंत पोचला. लोकरीच्या आतला कडकपणा त्याला लागला. त्यानं तो पुढे दिला, आणि ताई स्वतःच म्हणतात की मिळाला. म्हणजे आचारी आणि ड्रायव्हर ह्यांच्या मधे एकच जागा उरते.”

सगळ्यांच्या माना नणंदेकडे वळल्या. ती जमिनीकडे बघत होती.

“नावं न चुकणाऱ्या ताई आजच चुकल्या. कुठे? पासपोर्टाच्या पाठोपाठ आलेल्या वस्तूला. त्या वेळी त्यांचा एक हात दुसऱ्याच कामात होता. पेअर त्यांनी नीट चाचपलाच नाही, नुसता गोल लागला म्हणून बटाटा म्हणाल्या.”

“पण तिची झडती घेतली मी!” बाई म्हणाल्या. “पार केसांपर्यंत!”

“तिची घेतलीत. तिच्या मांडीवर होतं त्याची नाही, कारण ते नर्सबाईंचं होतं. शिंपीदादा, मघाशी तुमचं बोलणं अर्धवट राहिलं. कोटाच्या आत काय बसवलंय?”

“चोरखिसा,” शिंपी म्हणाला. “डाव्या बाजूला, अस्तराच्या मागे. ताईंनीच सांगितला होता. वहिनींना ठाऊक नाही.”

नर्सनं कोटात हात घातला. अस्तर चाचपत तिची बोटं एका जागी थांबली. लोकरीच्या कव्हरातला पासपोर्ट बाहेर आला तेव्हा कुणी हसलं नाही, की टाळीही वाजवली नाही.

मेव्हण्यानं हळूच विचारलं, “दाजी, तक्रार कुणाच्या नावानं लिहायची?”

“कसली तक्रार? वस्तू मालकिणीच्या अंगावरच होती.”

नर्स मात्र थरथरत होती, आता रागानं. “दुसऱ्या कुणी केलं असतं तर समजले असते! तुला माहीत होतं मी किती रात्री जागून अभ्यास केला. तूच चहा करून द्यायचीस मला! आणि ह्या दादांना सगळे चोर म्हणत होते, तू बघत बसलीस?”

“चुकलं माझं,” नणंद म्हणाली. तिनं ड्रायव्हरपुढे हात जोडले. “दादा, माफ करा. ठरवून नाही हो केलं. हातात आला आणि हात पुढे जाईचना. वाटलं, हा पुढे दिला की संपलं सगळं. मग घर आहे आणि मी आहे. काय करतेय हे कळायच्या आत तो खिशात गेला होता. नंतर सांगायला तोंड उघडायचे, आणि वहिनी, तू समोर रडत असायचीस.”

ड्रायव्हरनं हात झटकला. “राहू द्या ताई. मीही काही खरं बोलत नव्हतो.”

नर्स नणंदेसमोर खाली बसली.

“माझ्या अभ्यासाच्या दोन वर्षांत एकदा तरी म्हणायचंस ना, वहिनी जाऊ नको.”

“म्हटलं असतं तर तू थांबली असतीस.”

“थांबले असते,” नर्स म्हणाली.

“म्हणूनच नाही म्हटलं.”

नर्सनं तिला घट्ट जवळ घेतलं, आणि मग दोघी हमसाहमशी रडल्या. आचारी आधण विसरून तिथेच उभा राहिला. बाईंनी उगाचच टोपल्या आवरायला घेतल्या.

शेवटी ड्रायव्हर उठला. त्यानं दार उघडलं आणि बॅग उचलली.

“चला, रस्त्यात गर्दी लागेल,” तो म्हणाला. “ताई, तुम्हीही चला सोडायला. परत मी आणतो घरी.”

नणंदेनं तोंड पुसलं आणि वहिनीचा हात धरून ती जिना उतरू लागली.